धरून ठेवलेली जागा

काहीही पुसायच्या आधी त्याचं नाव मोठ्यानं वाचायचं, ही वसुंधराची जुनी सवय. खोलीत कोणी असो वा नसो. "दोन वर्षांपूर्वीच्या सभेचे फोटो. दुसरीकडे ठेवलेत. पुसते." एवढं म्हणायचं, पडद्याकडे पुन्हा एकदा बघायचं आणि मगच बटण दाबायचं. ऑफिसातली माणसं तिची नक्कल करत. टेबलं आवरणारी वेणू तिच्यासमोरचा कप उचलताना मुद्दाम थांबायची. "रिकामा कप. चहा संपलाय. उचलते." वसुंधराही हसायची. पण सवय सुटली नाही. चाळिशी ओलांडल्यावर तर ती अंगाला चिकटूनच राहिली.

काळजी हे तिचं दुखणं होतं. तिच्या आईला दमा होता, तशी तिला काळजी. कधी बरी असायची, कधी उठायची. नवरा पुण्यात नोकरीला, शुक्रवारी रात्री निघायचा, आणि तो दारात येईपर्यंत वसुंधराच्या डोळ्यांपुढे घाटातली वळणं एकेक करून येऊन जायची. मुलगा अपूर्व बंगळूरला होता. त्याचा फोन आला की "काय झालं?" हाच तिचा पहिला शब्द असायचा. "आई, काही झालं नाही, नुसता फोन केलाय," तो म्हणायचा, आणि मग ती आणखीच काळजीत पडायची, की हा असा नुसता फोन का करतोय.

पनवेलला एसटी स्टँडच्या मागच्या एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, मच्छीमार संस्थांच्या एका संघाचं कार्यालय आहे. तिथला सर्व्हर ती सांभाळायची. बोटींची कागदपत्रं त्यात, डिझेलचे अर्ज त्यात, आणि करंजा बंदरावरच्या वायरलेस खोलीत समुद्रावरून जे जे बोलणं येई, त्याचं रेकॉर्डिंगही त्यातच. बोलणं करंज्याला ऐकलं जाई आणि पनवेलला साठवलं जाई. वसुंधरा सांगलीकडची. समुद्र तिनं चार वेळा पाहिला असेल-नसेल. तिच्या लेखी समुद्र म्हणजे डिस्कवर रोज थोडी थोडी वाढत जाणारी, कधीच कमी न होणारी एक गोष्ट.

आणि आता जागा संपली होती. सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम जुनी झाली होती. महिनाअखेरीपर्यंत ती बदलली नाही तर हे यंत्र नेटवर्कमधून तोडू, असं वरच्या कार्यालयानं कळवलं होतं. नवी सिस्टिम चढवायची तर आधी तिला मोकळी जागा हवी. मोकळी जागा दाखवणारी पट्टी गेले कित्येक दिवस लाल होती.

दिवस तिनंच निवडला होता. होळीचा. एरवी कधीही सर्व्हर बंद करायचा म्हटलं तर कुठली ना कुठली बोट बाहेर असायचीच. पण शिमग्याला कोळ्यांची एकही बोट समुद्रात राहत नाही. सगळ्या परततात, धुतल्या जातात, पताका लागतात, पूजा होते. त्या दिवशी वायरलेसवर ऐकण्यासारखं काही नसणार, तेव्हा रेकॉर्डिंग थोडा वेळ बंद राहिलं तरी बिघडत नाही. करंज्याच्या वायरलेसवर बसणाऱ्या आनंदाला तिनं आठवड्यापूर्वीच विचारून ठेवलं होतं.

"सगल्या येतात मॅडम," आनंदा म्हणाला होता. "शिमग्याला बाहेर रायला तो कोली कसला?"

म्हणून होळीच्या सकाळी ती लवकर आली. ऑफिसात निम्मी माणसं नव्हती, उरलेली जेवायच्या सुमारास निघून जाणार होती. सर्व्हरच्या काचेच्या खोलीत ती एकटी बसली. वरचा एसी घरघरत होता. बाहेर मार्चचं ऊन आणि रिक्षांची भांडणं. तिनं एकेक गोष्ट काढायला सुरुवात केली. जुन्या सिस्टिमचे मागे राहिलेले तुकडे. छापून झालेल्या अर्जांच्या प्रती. कुणीतरी कधीतरी उतरवून ठेवलेले लग्नाचे व्हिडिओ. ते बघून ती चिडली आणि मग ज्याचं लग्न त्याला तिनं फोन करून विचारलं. पट्टी लालच होती. जागा सुटत होती, पण मूठमूठभर.

आणि दुपारी तिला ती फाईल दिसली. रेकॉर्डिंगच्या कप्प्यात, बाकी सगळ्यांच्या मिळून दुप्पट मोठी. नावात तारीख होती गेल्या दसऱ्याची. संघाचा नियम असा, की तीन महिन्यांपेक्षा जुनं रेकॉर्डिंग कोणी मागितलं नसेल तर काढून टाकावं. दसऱ्याला सहा महिने होत आले होते.

"दसऱ्याचं रेकॉर्डिंग," वसुंधरा मोठ्यानं म्हणाली. "जुनं. कोणी मागितलेलं नाही. पुसते."

नाव यादीतून गेलं. तिनं पट्टीकडे पाहिलं. पट्टी तशीच लाल.

तिनं पुन्हा मोजायला लावलं. तेवढीच जागा. फाईल गेली होती, यादीत नव्हती, पण तिची जागा मोकळी झाली नव्हती. जे गेलं ते जागा का सोडत नाही?

तेवढ्यात मुंबईहून उदयसिंह सरांचा फोन आला. ते संघाचे संगणक विभागाचे प्रमुख. तिकडे बसून इकडची कामं करून घेत.

"झालं का मॅडम?"

"जागा सुटत नाहीये सर. मोठी फाईल काढली, पण पट्टी हलत नाही."

"अहो मग रीस्टार्ट मारा ना. सोप्पंय. एकदा बंद-चालू केलं की सुटते जागा."

"पण का सुटत नाही ते कळल्याशिवाय..."

"वसुंधरा मॅडम," ते हसले, "तुम्ही लिफ्टमध्ये शिरताना पण आधी तिला विचारता का, वर का जातेस म्हणून? मारा रीस्टार्ट. संध्याकाळी मला होळीला जायचंय."

फोन ठेवून तिनं रीस्टार्टची ओळ लिहिली. एंटर दाबायचं बाकी होतं. तिनं हात मांडीवर ठेवला. कारण काहीच नव्हतं. पाणी प्यावं असं वाटलं, म्हणून ती उठली, बाटली भरली, परत येऊन बसली, आणि बोट पुन्हा एंटरवर नेलं तेव्हा दुसरा फोन वाजला.

आनंदा होता. मागे ढोल, बायकांचा गलका, आणि आनंदाचा आवाज असा की तिनं आधी ओळखलाच नाही.

"मॅडम, आजची रेकॉर्डिंग काडा. सकालची. आता काडा."

"काय झालं?"

"हिंगलाई नाय आली. सगल्या बोटी लागल्या, ती नाय." तो थांबला. "सकाली बोललाय तो. कल्पेश. बोट त्याची. मशीन बंद परली, पानी येतंय, असा कायतरी बोलला. आज सकालपासून सगले वायरलेसवर बोंब मारतात मॅडम, शिमगा हाय. एक बोलतो माज्या बोटीवं भूत चरलाय, दुसरा बोलतो तुजी बायको आमच्या बोटीत हाय. आनि कल्पेश तर दर सालचा. गेल्या शिमग्याला बोट बुडाली बोलून आमाला धक्क्यापावत पलवला त्यानी. मी बोललू, ये ये, पुरनपोली थंडी व्हते. आनि हासलू." त्याला धाप लागली होती. "कुटं हाय तो बोलला व्हता. जागा बोलला व्हता. मना आठवत नाय. पुना हाक मारतंय तं उत्तर नाय."

मागून एका बाईचा आवाज चिरत आला. "तुजे कानांत गुलाल भरला व्हता काय रं आनंदा?"

"त्याची घरवाली," आनंदा हळू म्हणाला. "किशोरी. मॅडम, चार मानसा हायेत बोटीत."

"लगेच काढते," वसुंधरा म्हणाली. "फोन चालू ठेवा."

आजची फाईल शोधायला तिनं रेकॉर्डिंगचा कप्पा उघडला. आजची नव्हती. कालची नव्हती. परवाची नव्हती. या वर्षाची एकही फाईल त्या कप्प्यात नव्हती. आणि तेव्हा तिला कळलं.

दसऱ्याला वीज जाऊन सर्व्हर बंद पडला होता. तिनंच तो चालू केला, रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅमही तिनंच चालू केला. रोज नवी फाईल उघडायची, असं त्याला शिकवलेलं होतं. ते शिकवलेलं त्या गडबडीत पुसलं गेलं असणार. तेव्हापासून प्रोग्रॅम एकाच फाईलमध्ये लिहीत राहिला. नाव दसऱ्याचं, आत आजची सकाळ. तिनं नाव वाचलं होतं. शेवटचं अक्षर त्यात कधी पडलं, ते बघितलं नव्हतं.

तिच्या कानात ढोल वाजत होते, फोनमधले की तिचे स्वतःचे, ते तिला सांगता आलं नसतं. चार माणसं. तिनं वाचून पुसली होती. मोठ्यानं वाचून.

"मॅडम? मिलाली का?"

"थांबा," ती म्हणाली. "थांबा जरा."

पडद्यावर रीस्टार्टची ओळ अजून तशीच उभी होती. ती बघत राहिली. आणि मग मघाचा तो प्रश्न पुन्हा समोर आला. जागा सुटली नव्हती. फाईल पुसली की तिचं नाव जातं. पण एखादा प्रोग्रॅम ती उघडून बसला असेल, तर तो हात सोडेपर्यंत आतला मजकूर असतो तिथंच असतो. नाव नसलेला, यादीत नसलेला, पण असलेला. रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम अजून चालू होता. तो ती फाईल धरून बसला होता. म्हणूनच पट्टी लाल होती. प्रोग्रॅम बंद पडला, किंवा यंत्र बंद झालं, की त्या क्षणी सगळं जाणार. एंटरवर एक बोट पडलं असतं तर गेलंच होतं.

तिनं रीस्टार्टची ओळ एकेक अक्षर मागे घेत खोडली. घाईत भलतंच बटण दाबलं जाईल म्हणून उजवा हात डाव्या हातानं धरून.

असं काम तिनं आयुष्यात केलेलं नव्हतं. होतं एवढंच ठाऊक. फोन न तोडता मोबाईलवरच शोधून तिनं रीत वाचली, पुन्हा वाचली. चालू प्रोग्रॅमनं धरलेल्या वस्तूंपर्यंत पोचायची एक वाट यंत्रात असते. ती तिथं गेली. यादी आली, आणि त्यात दसऱ्याचं नाव, पुढे "पुसलेली" असा शेरा. तिच्या तोंडून काहीतरी बाहेर पडलं, शब्द नव्हता तो.

त्याच वेळी एसी थांबला.

घरघर थांबल्यावर खोली एवढी शांत झाली की तिला आपला श्वास ऐकू आला. मग कोपऱ्यातला यूपीएस बोंबलू लागला. टीं. टीं. बाहेर वेणू कुणाला तरी सांगत होती, "गेली बघा लाईट. सणाच्या दिवशी नेमकी जाते." यूपीएसच्या बॅटऱ्या बदलायला हव्यात, असं पत्र वसुंधरानं दिवाळीत दिलं होतं. उत्तर आलं नव्हतं. बॅटरी किती वेळ धरेल, कोणी सांगू शकत नव्हतं. पाच मिनिटं, पंधरा, की आत्ताच.

सगळी फाईल काढायला वेळ नव्हता, आणि हाताशी असलेल्या पेनड्राइव्हवर तेवढी जागाही नव्हती. तिला शेपूट हवं होतं फक्त. आजची सकाळ. तिनं पेनड्राइव्ह लावला. तो उलटा लागला. काढून सुलटा केला. किती मागे जायचं याचा अंदाज धरला, आणि ओळ लिहिली. वाचली. या वेळी मोठ्यानं नाही. एंटर.

पेनड्राइव्हचा दिवा लुकलुकत राहिला. टीं. टीं. यूपीएसच्या ओरडण्यातलं अंतर कमी झालं होतं की तिला तसं वाटत होतं? ती दिव्याकडे बघत होती आणि मनात कुणाला तरी म्हणत होती, थांब, थांब, जरा धर. कुणाला, ते तिलाही कळत नव्हतं. प्रोग्रॅमला, बॅटरीला, की चार माणसं घेऊन कुठंतरी पाण्यात असलेल्या त्या बोटीला.

दिवा थांबला. फाईल पूर्ण उतरली होती. ती धावत बाहेर गेली, जवळच्या टेबलावरचा लॅपटॉप ओढून घेतला आणि पेनड्राइव्ह त्यात खुपसला.

"काय झालं मॅडम?" वेणूनं विचारलं.

"बोट," वसुंधरा म्हणाली. बाकी काही तिला सुचलं नाही.

तिनं फोन स्पीकरवर टाकला, लॅपटॉपजवळ धरला. सकाळ ऐकू येऊ लागली. शिव्या, हसणं, कुणीतरी गायलेली एक ओळ, बोंब. ती पुढे ढकलत गेली. आणि मग एक आवाज आला, इतर आवाजांपेक्षा हळू.

"करंजा, करंजा, हिंगलाई बोलतंय. मशीन बंद परली. पंख्याला जाला गुंडाललाय. पानी येतंय थोरा थोरा, उपसतांव आमी. बॅटरी बसली, परत बोलाला जमनार नाय. आज्याच्या खुंटाच्या भायेर हाव. नांगर धरत नाय, खालतं व्हावत चाललांव..."

आणि त्यावर आनंदा, आज सकाळचा, भरल्या पोटाचा. "ये ये बाबा, पुरनपोली थंडी व्हते!" आणि हसू. मग कल्पेशची एक शिवी, अर्धी, आणि खरखर.

फोनच्या त्या टोकाला ढोल कधीच थांबले होते.

"आज्याचा खुंट म्हणजे कुठं?" वसुंधरानं विचारलं.

"मना नाय म्हाईत," आनंदाचा आवाज फुटला. "ज्याचा त्याचा खुंट अस्तो मॅडम, दर्यात ठोकलेला, जालं बांदायचा. घरातल्यांनाच म्हाईत."

"सरक बाजूला," किशोरी म्हणाली. फोन हातात घेतल्याचा आवाज आला. "मॅडम, मना म्हाईत हाय. सासऱ्याच्या बापाचा खुंट. खांदेरी बेटावरल्या दिव्याच्या भायेर, उत्तरेच्या आंगाला. आता कोन बांदत नाय तिथं. सासूबाय दर सालला नारल सोरते त्याच्या नावानी." मग तिचा आवाज फोनपासून लांब गेला, खोलीबाहेर, आणि तिथून वसुंधराला ऐकू आला. "बगता काय? पताका सोरा! ओहोटी लागलीय, खांदेरीच्या दक्षनेला बगा आता! आनंदा, तू किनाऱ्यावरल्या पोलिसांना फोन लाव, रडतंस काय!"

फोन बंद झाला.

वीज आली तेव्हा वसुंधरा सर्व्हरच्या खोलीत उभी होती. यंत्र चालू होतं. प्रोग्रॅम चालू होता, आपली बिननावाची फाईल धरून. तिनं खुर्चीत बसायचा प्रयत्न केला, पण बसवेना. सांगितलेली जागा सकाळची होती. बोट तेव्हापासून वाहत होती, आणि त्यातली दुपार तिनं एक फाईल पुसण्यात, पाणी पिण्यात घालवली होती. चार माणसं बादल्यांनी पाणी उपसताहेत, असं तिला दिसायचं. कधी बादली असायची, कधी नसायची. वेणू न सांगता थांबली. नवऱ्याचा फोन आला, तो तिनं उचलला नाही. लाइन मोकळी हवी होती. मग आपण उचलला नाही म्हणून तो काळजी करेल, याची काळजी लागली.

उदयसिंह सरांचा आला, तो उचलावाच लागला.

"झालं?"

"नाही सर. अपग्रेड आज होणार नाही."

"म्हणजे? रीस्टार्ट मारला का?"

"नाही. आणि कोणी मारायचाही नाही. लांबून पण नाही. हात लावू नका त्याला." आपण सरांशी असं बोलतोय, हे तिला ऐकू येत होतं. "एक बोट आली नाहीये सर. तिचा शेवटचा कॉल याच्यात आहे."

"कुठली बोट?" त्यांनी विचारलं, आणि मग, वेगळ्याच आवाजात, "कळवा मला. केव्हाही."

कपाटातून मोठी डिस्क काढून तिनं ती सर्व्हरला जोडली आणि सबंध फाईल उतरवायला लावली, दसऱ्यापासून आजपर्यंतची. बोट आणखी काही बोलली असेल, जे आनंदाला ऐकू आलं नसेल, तर तेही त्यात असेल. पट्टी गोगलगायीसारखी सरकत होती. खालच्या चौकात पोरं होळीची लाकडं रचत होती. ऊन भिंतीवरून खाली उतरत गेलं. फोन टेबलावर पालथा होता. तिनं तो सुलटा केला, मग पुन्हा पालथा.

वाजला तेव्हा तिला तो उचलता येईना. वेणूनं उचलला आणि तिच्या कानाला लावला.

"गावली," आनंदा म्हणाला. मागे धक्क्यावर सगळे एकदम ओरडत होते. "खांदेरीच्या खालतं, दक्षनेला गावली. चारी हायेत. आरदी बुडलेली, पन हायेत. बांदून आनली."

वसुंधरा खुर्चीत बसली.

"मॅडम, आयका, तो बोलतो तुमच्याशी."

आवाज आला, सकाळचाच, पण आता जाड आणि तापट. "कोन, पनवेलच्या मॅडम काय? आमचा शिमगा वाया घालवला या आनंदानी. मी बोललो ते सगला हाय काय तुमच्या मशीनमदी?"

"आहे," ती म्हणाली. आपण ते पुसलं होतं, हे सांगावं असं तिच्या अगदी ओठांवर आलं. पण कसं सांगणार? गेलं होतं, आणि गेलं नव्हतं. "सगळं आहे."

"शेवटाला त्याला गाली दिली ती पन?"

"अर्धी आहे. मध्येच बॅटरी गेली तुमची."

"अर्दीच?" कल्पेशनं विचारलं. मग मागे वळून धक्क्याला ऐकू जाईल अशी, ती पुरी केली. धक्का हसला. आनंदाही हसत होता, रडल्यासारखा.

"ठेवा आता मॅडम," किशोरीनं फोन ओढून घेतला होता. "भिजलाय तो. कापतंय नुसता, नि त्वांड बगा."

फोन बंद झाला. समोर पट्टी अजून सरकत होती, दिवाळीपर्यंत आली होती. तिच्या पुढचे महिने, त्यातले सगळे आवाज, अजून त्या एका प्रोग्रॅमच्या हातात होते. वेणू घरी जायला निघाली आणि दारात थांबली.

"निघत नाही का मॅडम? होळी पेटवतील आता."

"तुम्ही जा," वसुंधरा म्हणाली. "हे सगळं उतरल्याशिवाय मी उठत नाही."

वेणूनं पर्स खाली ठेवली आणि दुसरी खुर्ची ओढली.